पतनमुक्त वसाहतीचा फलक

नाशिक रोडच्या त्या वसाहतीत ज्येष्ठ नागरिक संघ होता आणि संघाला कोंडाजी नावाचे सेक्रेटरी होते. नोटांच्या प्रेसमध्ये तीस वर्षं त्यांनी छापील कागद तपासले, डाग पडलेला एकही कागद बाहेर जाऊ दिला नाही. निवृत्तीनंतर तपासायला उरली ती माणसं.

त्या वर्षांत गावोगाव तंटामुक्तीचे फलक लागत होते. आपल्याही फाटकावर असं काहीतरी हवं, असं कोंडाजींच्या मनाने घेतलं. पण वसाहतीत तंटे मुबलक, त्यामुळे तो मार्ग बंद होता. अशात डॉक्टर चैताली म्हाताऱ्यांचा तोल तपासायला आली. ती एकेकाला एका पायावर उभं करी आणि रांगेत सगळ्यांदेखत विचारी, "वर्षभरात किती वेळा पडलात?" आता पडलो म्हटलं की सून बाथरूमला कडी लावू देत नाही आणि मुलगा एकट्याला बाजारात सोडत नाही, हे कोणाला ठाऊक नव्हतं? बेचाळीस जणांनी शून्य सांगितलं. चारदा पडलेल्या कोंडाजींनीही शून्यच सांगितलं.

झालं! कोंडाजींना फलकाचा मजकूर सापडला. 'पतनमुक्त ज्येष्ठ वसाहत', सोनेरी अक्षरांत. प्रमुख पाहुणी म्हणून डॉक्टरबाईंनाच आमंत्रण गेलं. तोवर संघात एक अलिखित नियमही रुजला. पडलं तरी पडलो म्हणायचं नाही, बसलो म्हणायचं. सगुणाबाई दसऱ्याला जिन्यात अशाच बसल्या आणि हात प्लास्टरमध्ये घेऊन सभेला आल्या. कोणी काही विचारलं नाही.

अनावरणाच्या दिवशी कार्यक्रमाला तासभर असताना कोंडाजी फाटकाशी गेले. फलक जरा कललेला वाटला, म्हणून नीट बघायला ते दोन पावलं मागे सरकले. तिसऱ्या पावलाला फरशी संपली आणि ते धाडकन आदळले. कमरेत जोराची कळ उठली. उठू गेले तर उजवा पाय ऐकेना. आयुष्यात पहिल्यांदाच ते मनापासून घाबरले.

तेवढ्यात संघातले निफाडकडचे सहादू आले. त्यांनी फलकाकडे पाहिलं, कोंडाजींकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं.

"बसले का सेक्रेटरी?"

"बसलो जरा. इथं हवा बरी आहे."

"मंग मीबी टेकतो. तुम्ही एकटेच बसलेले बरे नाय दिसत."

मागून सगुणाबाई आल्या, त्याही बसल्या. मग जो येई तो कडक इस्त्रीच्या कपड्यांनिशी धुळीत बसे. पाच वाजेपर्यंत चौदा जणांचा गोल झाला. सेक्रेटरींची अब्रू राखायची तर एवढं करायलाच हवं होतं. मांडवात माइकवाला रिकाम्या खुर्च्यांना 'हॅलो, हॅलो' करत होता.

डॉक्टर चैताली स्कूटीवरून उतरली. "अहो, खाली का बसलात सगळे? चला, उठा."

कोणी उठेना. एकाने जोर करून पाहिला, शेजाऱ्याचा खांदा धरला आणि दोघेही परत खाली आले. सगुणाबाईंना टेकायला एकच हात होता. जमिनीवरून आपलं आपण उठणं त्यांच्यातल्या कोणालाच कित्येक वर्षांत जमलं नव्हतं. बसताना मात्र हे एकालाही आठवलं नाही.

कोंडाजींच्या कपाळावर घाम डवरला. आणखी एकदा 'बसलोय' म्हटलं, तर ही पोरगी मांडवात जाऊन बसेल आणि आपण इथेच राहू, हे त्यांना लख्ख कळलं.

"पडलोय मी," ते म्हणाले. "उचला मला."

म्हटल्यावर लाज वाटायला हवी होती, पण वाटलं ते हायसं. चैताली झटकन गुडघ्यांवर बसली, त्यांचा पाय चाचपला, 'अजिबात हलू नका' म्हणाली आणि अॅम्ब्युलन्सला फोन लावला.

गोलात कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मग सहादूंनी हळूच हात वर केला.

"डॉक्टरबाई, यांच्या मागून मलाबी उचला. मी पडलो नाय, पण मला उठता येत नाय."