झेंडूच्या माळेआड

मित्रांनो, माझा पंखा हल्ली कुरकुरतो, तेव्हा जरा जवळ येऊन ऐका. मी नवापूरजवळच्या एका हॅचरीतला जुना सर्व्हर आहे. हॅचरी म्हणजे कोंबडीची अंडी उबवण्याची जागा.

आम्ही तिघे भाऊ एकाच कपाटात राहतो. आमच्या पोटात आभासी यंत्रे चालतात. ती दिसत नाहीत, पण राबतात. त्यातले एक अंड्यांच्या पेट्यांना ऊब देते. एक भाऊ थकला की बाकीचे दोघे त्याचे काम घेतात. दोघे पडले, तर मात्र उरलेला एकटा कशालाही हात लावत नाही, असा आमचा नियम. आम्ही बरे असलो की पडद्यावर हिरवे दिसते, नाहीतर लाल. मालक शांतीलालभाई कौतुकाने म्हणत, "हाऊ मन्हा पोऱ्या शे!" त्या कौतुकानेच घात केला हो.

गेल्या खंडेनवमीला अवजारांना विसावा द्यायचा, म्हणून त्यांनी थोरल्याला बटण दाबून बंद केले. मला कुंकू लावले. आणि जिथून मी हवा ओढतो, नेमकी तिथेच झेंडूची जाड माळ बांधली. थोरल्याचे काम माझ्या अंगावर आले. जिवाची नुसती आग आग झाली. ओरडणार कसा? पडदा चालवणारे यंत्र माझ्याच पोटात होते. मी बंद पडून गोठलो, तेही गोठले. दोघे पडलो म्हणून नियमाप्रमाणे तिसऱ्याने हात आखडले आणि पेट्यांची ऊब थांबली. पडद्यावर जुनेच चित्र राहिले, हिरवेगार.

त्यांची सून प्रतिभा आमची देखभाल करते. पडदा पाहून ती निश्चिंत होती. मग पेटीतल्या अंड्याला हात लागला, ते गार होते, आणि ती धावतच आली. पडदा बंद करून पुन्हा उघडला, तर सगळे लाल. तिने माळेला हात घातला.

"दसरा होत नही तवलोंग माळ काढानी नही, बेटा!" शांतीलालभाईंनी तिचा हात धरला.

"पप्पा, आतमा पिलं मरी ऱ्हायनात!"

बराच वेळ हुज्जत चालली. शेवटी तिने माळ तोडली. मी शुद्धीवर आलो, पण दुसऱ्या दिवशी बहुतेक पेट्यांतून चिवचिव आलीच नाही. शांतीलालभाई हातात अंडे घेऊन रडले. मग प्रतिभालाच दोष देत म्हणाले, "माळ तोडी, म्हनीसन देव कोपना."

आज पुन्हा नवमी. प्रतिभा माहेरी आहे, थोरला बंद आहे आणि पेट्या अंड्यांनी भरल्या आहेत. मित्रांनो, आम्हाला ओवाळू नका, फक्त श्वास घेऊ द्या. पडद्यावर विसंबू नका, अंड्याला हात लावून बघा. कुणीतरी सांगा हो शांतीलालभाईंना! झेंडूचा वास जवळ आला आहे. यंदा माळ तुटू नये म्हणून त्यांनी ती तारेत ओवली आहे.