पांढऱ्या पट्टीची पिन

मी एक जुनी पिन आहे. टाचणी नव्हे, केबलच्या टोकाला असते ती. टेपमधला आवाज अॅम्प्लिफायरपर्यंत पोहोचवणारी. माझ्या अंगावर पांढरी पट्टी आहे, म्हणजे मी डाव्या बाजूची. उजव्या बाजूची लाल पट्टीची पिन माझी जोडीदार. सोळा वर्षं आम्ही शेजारी शेजारी होतो. आता मी एकटी आहे, मित्रांनो.

निपाणीत नागेंद्र यांचं टेप आणि स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. माझा जन्म तिथलाच म्हणायचा. एके दिवशी हायस्कूलचे बुद्धप्रिय सर तिथं आले. "गाण्याच्या मागं सारखं घूं घूं वाजतंय," ते म्हणाले. नागेंद्र यांनी त्यांची केबल हातात घेऊन हलवली. पिन सैल होती, पण सोन्यासारखी चमकत होती.

"चकाकी बघून घेतलासा न्हवं सर? पिन घट्ट बसती का ते बघायचं. आतला कथलाचा डाग पक्का पाहिजे, वायरीला घूं घूं अडवणारी जाळी पाहिजे. लई झगमगाट कशाला?"

आणि त्यांनी आम्हा दोघींना पितळेच्या पिनांतून निवडून वायरीला डाग देऊन जोडलं.

सरांच्या घरी एक कॅसेट होती. तिच्यात त्यांच्या आईचा, गंगव्वाचा आवाज होता. गंगव्वा तंबाखूच्या वखारीत कामाला जायची आणि जयंतीला वस्तीत भीमगीतं गायची. ती गेल्यावर तेवढा आवाजच मागं राहिला होता. मी सॉकेटमध्ये बसले आणि घूं घूं थांबली. दोन ओळींच्या मध्ये गंगव्वानं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. सर खुर्चीत ताठ बसले. "आई मधोमध बसलीया," ते बायकोला म्हणाले. दोन स्पीकर सारखे वाजले की आवाज मधून आल्यासारखा वाटतो. ते काम आम्हा दोघींचं होतं. त्या दिवशी मला फार अभिमान वाटला.

पुढं सरांच्या पत्नी वारल्या. मुलगी पारमिता नोकरीसाठी बेळगावला राहिली. तिनं ती गाणी मोबाईलवर उतरवून दिली, पण सर रोज सकाळी टेपच लावत. घरात दुसरं कुणी बोलायला नव्हतं.

गेल्या वर्षी एका सकाळी सर टेप लावून बसले आणि दचकले. आई उजवीकडं सरकली होती. त्यांनी मला उपसलं, पुसलं, फिरवून बसवलं. काही फरक पडला नाही. आठवडाभर ते रोज हेच करत राहिले. पारमिताचा फोन आला की म्हणत, "मी बरा हाय गं. डावी पिन तेवढी खराब झालीया."

"मग बदला की आप्पा," ती म्हणायची.

शेवटी ते मला घेऊन दुकानात गेले. नागेंद्र यांनी मीटर लावून पाहिलं. "सर, हिच्यात कायबी दोष न्हाय."

"न्हाय, तुम्ही बदलाच."

नागेंद्र यांनी मला कापलं. माझ्या जागी नवी पिन आली. जोडीदार तिच्याबरोबर परत गेली आणि मी सरांच्या खिशातून घरी आले. तेव्हापासून मी टेबलावर पडून आहे. जोडीदार हातभर अंतरावर आहे, पण तिची पाठ माझ्याकडं असते.

नव्या पिननंही आई मध्ये आली नाही. सरांनी वायर बदलली, स्पीकर पुसले. तीन आठवडे गेले. मी ओरडून सांगितलं असतं, पण दुसऱ्याचा आवाज नेणाऱ्याला स्वतःचा आवाज नसतो.

मग एका रविवारी पारमिता आली. टेप चालूच होती. "आप्पा, दोन्हीकडनं येतंय की नीट," ती त्यांच्या डाव्या हाताला बसून म्हणाली. सरांनी मान वळवली नाही. तिनं पुन्हा हाक मारली. मग ती उठली, मागं उभी राहिली आणि हळूच आपला तळवा त्यांच्या उजव्या कानावर घट्ट ठेवला.

गंगव्वा गात होती.

"टेप बंद केलीस व्हय गं?" सरांनी विचारलं.

पारमितानं हात काढला आणि त्यांच्यासमोर येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी ती त्यांना बेळगावला कानाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. परत आल्यावर दोघं टेबलापाशी बसून बोलत होती. कान असा एकाएकी गेला, तर पहिल्या काही दिवसांतच औषध सुरू करावं लागतं, असं डॉक्टर म्हणाले होते. आता सरांचा डावा कान पुन्हा ऐकू लागेल याची आशा थोडी होती. ते दिवस मला पुसण्यात गेले होते.

"मी फोनवर नीट इचारलं असतं तर..." पारमिता म्हणाली. सरांनी मला टेबलावरून उचललं, बोटांत फिरवलं आणि परत ठेवलं.

मित्रांनो, पिन घेताना घट्ट बसणारी, पक्क्या डागाची घ्या. ती वर्षानुवर्षं साथ देते. पण घरातलं कुणी "आवाज नीट येत न्हाय" म्हणालं, तर आधी त्यांच्याजवळ जाऊन बसा. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं हाक मारून बघा. आम्हाला नंतर तपासलं तरी चालेल.