बिननावाचा ब्रेक

गाडी जुनी झाली की घरोघर एकच वाद होतो: दुरुस्तीवर घालायचं तरी किती? पसरणीच्या वीरधवलच्या घरीही तो झाला होता. फौजेतून निवृत्त झाल्यावर त्याने एक जुनी जीप घेतली आणि पाचगणीच्या वसतिगृहात स्वयंपाकाला जाणाऱ्या गावातल्या बायकांची तो रोज ने-आण करू लागला. ब्रेकचं पायडल मऊ लागायला लागलं, तेव्हा मिस्त्रीने आतले रबरी वॉशर बदलायला सांगितले. कंपनीचा माल महाग, शिवाय वाईत मिळेना. वीरधवलने मोबाइलवर शोधलं. बाहेरदेशातून आलेला वॉशरचा जोड अगदी स्वस्तात घरपोच मिळत होता. आलेल्या पुडीवर ना बनवणाऱ्याचं नाव होतं, ना कसली हमी. मिस्त्री म्हणाला, बसवतो, पण जबाबदारी तुमची. वीरधवल नुसता हसला. बर्फाच्या घाटात ट्रक चालवलेल्या माणसाला पसरणीच्या घाटाची कसली भीती?

संक्रांत होऊन गेली होती. एका दुपारी घाट उतरताना वळणावर त्याने ब्रेक दाबला आणि पायडल सरळ तळाला गेलं. खालचा गिअर टाकत, हँडब्रेक ओढत त्याने जीप डोंगराच्या अंगाला घासवली. वेग मोडला, पण गाडी थांबेना. मागच्या बायका किंचाळत होत्या. पुढच्या सीटवर नाथाजी होता. तो वीरधवलचा शेजारी, वसतिगृहातला आचारी. त्याने खाली उडी मारली, कडेचा मोठा दगड दोन्ही हातांनी उचलला आणि पुढे धावत जाऊन चाकाखाली लोटला. जीप थांबली. पण थांबताना तिचं तोंड वळलं आणि नाथाजी जीप अन् दरडीच्या मध्ये सापडला.

बायका वाचल्या. नाथाजी गेला.

पंचनाम्यात यांत्रिक बिघाड लिहिला गेला. गाव म्हणालं, नशीब. उलट वीरधवलने गाडी डोंगराला लावली म्हणून बायका जगल्या, असं जो तो त्याची पाठ थोपटून सांगू लागला. ते ऐकलं की तो तिथून उठून जाई. जेवायला बसला की उजवा पाय आपोआप जमीन दाबायचा. भर दुपारी उसाला पाणी देताना त्याला बांधावर नाथाजी उभा दिसे. अंगावर जखम नाही, चेहऱ्यावर राग नाही. हातात तो दगड धरलेला आणि नजर अशी, जणू विचारतोय, ‘ह्यो कुठं ठिवू गड्या?’ वीरधवल पाण्याचं दार तसंच उघडं सोडून घरी येई. दुरुस्त केलेली जीप त्याने ताडपत्रीखाली झाकून टाकली होती.

नाथाजीच्या जागी आता त्याची बायको राजेश्वरी कामाला लागली होती. बायकांचे जाण्यायेण्याचे हाल होत होते. एके दिवशी ती स्वतः वीरधवलच्या अंगणात आली. जे व्हायचं ते झालं, नशिबापुढं कुणाचं चालतं, तुम्ही गाडी काढा, असं तीच त्याला समजावू लागली.

वीरधवलला ते सोसवेना. तो म्हणाला, “वहिनी, ते नशीब न्हवतं. मीच आणलं हुतं ते.” आणि मग त्याने सगळं सांगितलं. पुडी, मिस्त्रीचं बोलणं, स्वतःचं हसणंसुद्धा.

राजेश्वरी पायरीवर बसली. तिची नजर ताडपत्रीवर गेली.

“माफी माझ्यापाशी न्हाई, भावजी,” ती म्हणाली. “पण ह्ये मला एकटीला सांगून काय उपेग? मागं बायका हायत म्हणून ह्यांनी दगड उचलला. तुमच्यासारक्या पुड्या लावून अजून किती गाड्या त्या घाटात फिरत्यात? त्यातल्या बायकांना बी मी नशीबच सांगू का?”

“लोक तोंडावर थुंकतील.”

“थुंकू द्या. गाड्या तर तपासतील.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वीरधवल वाईच्या स्टँडवर गेला आणि जीपवाल्यांसमोर सगळं बोलला. कुणी शिवी हासडली, कुणी उठून गेलं. जयराज नावाचा जीपवाला मात्र अडून बसला. त्याचं म्हणणं, बाहेरदेशाचा सगळाच माल वाईट नसतो, त्याच्या गाडीत आरसे, सीटची कापडं बाहेरचीच आहेत. मग गरिबाने जुनी गाडी चालवायची तरी कशी?

“आरसा आण, कापड आण,” वीरधवल म्हणाला. “माल कुठल्या देशाचा, ह्यो सवाल न्हाई. त्यो कुणी केला आन् फसला तर कोण जबाबदार, ह्ये पुडीवर नसंल तर ब्रेकला लावू नगंस. माझ्या पुडीवर कुणाचंच नाव न्हवतं. आता जलमभर माझं हाय.”

जयराजने गाडी तशीच मिस्त्रीकडे नेली. चाक खोललं, तर आतला तसलाच बिननावाचा रबर फुगून लिबलिबीत झालेला! त्याच गाडीतून त्याची स्वतःची मुलगी शाळेत जात होती. ही बातमी स्टँडवर पोचली, तेव्हा सगळ्या जीपा तपासून घ्यायचं ठरलं. ज्याला एकट्याला परवडत नव्हतं, त्याच्यासाठी बाकीच्यांनी मिळून खात्रीचा माल मागवला.

वीरधवलने जीपच्या ब्रेकचे सगळे भाग खात्रीचे, नव्याने बसवले आणि बायकांची ने-आण पुन्हा सुरू केली. राजेश्वरी मागच्या बाकावर बसते. ती त्याच्याशी बोलत नाही, आणि तिने बोलावं अशी त्याची अपेक्षाही नाही.

बंधूंनो, भगिनींनो, काटकसर हा गुण खराच. स्वस्त घ्या, जुनं वापरा, त्यात लाज नाही. पण ज्या वस्तूवर दुसऱ्याचा जीव टांगलेला असतो, तिथली काटकसर आपली नसते. तिचा भार आपल्या शेजारी विश्वासाने बसलेला माणूस सोसतो, आणि त्याला आपण विचारलेलंही नसतं.