फ्लोरोची सायडर का नासली नाही

ओलायाच्या हिशेबाने फ्लोरोची सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, यंदाही नासायला हवी होती.

विद्यापीठातलं ज्ञान गावोगावच्या धंद्यांपर्यंत पोचावं म्हणून स्पेनमधल्या अस्तुरियास प्रांताच्या सरकारने योजना काढली होती. ती कामी आली का, हे ओलाया तपासत होती. रीत साधी. योजनेत घेतलेला एक आणि अर्ज फेटाळलेला एक, दोघांत फरक दिसला तर योजना पावली. या गावात तेल्मोला संशोधक बाई मिळाल्या. पिंपं कशी धुवायची, सफरचंदाचा रस किती थंड ठेवायचा, हे त्यांनी शिकवलं आणि त्याची सायडर नासायची थांबली. पण अर्ज फेटाळलेल्या फ्लोरोचीही थांबली होती. म्हणजे कागदावर योजनेचा उपयोग शून्य.

ती विचारायला गेली तेव्हा फ्लोरोने बाटली डोक्याच्याही वर धरून खालच्या पेल्यात धार सोडली. "पी आधी. फेस बसला की मजा गेली."

सायडर फक्कड होती.

"तेल्मोने शिकवलं?" तिने विचारलं.

"त्याच्याशी मी बोलत नाही. बांधावरच्या झाडांवरून वाजलंय आमचं."

"मग कळलं कसं?"

"बारमध्ये येऊन फुशारक्या मारतो. बाईंनी हे सांगितलं, ते सांगितलं. मी त्याच्याकडे पाठ करून बसतो. आता कान काय घरी ठेवून जाऊ?"

ओलाया हसू दाबत तेल्मोकडे गेली. "तुमचं बोलणं फ्लोरो ऐकतो, ठाऊक आहे?"

"ठाऊक म्हणजे? मुद्दाम दोन-दोनदा सांगतो," तेल्मो म्हणाला. "त्याची नासली तर नाव गावाचंच जातं. पण त्याला बोलू नकोस हं, पोरी."

राजधानीत, ओव्हिएदोला परतल्यावर तिचे साहेब म्हणाले, "फ्लोरोला गाळून टाक. तुलनेचा विचका केलाय त्याने."

"विचका कसला, साहेब? एकाला दिलं, ते दोघांना पोचलं. हेच तर हवं होतं ना सरकारला?"

साहेबांनी बराच वेळ कुरकुर केली, आणि शेवटी फ्लोरो अहवालात राहिला. तो वाचून खात्याने पुढच्या वर्षी संशोधक बाईंचे वर्ग त्याच बारमध्ये, सगळ्यांसाठी खुले ठेवले. तेल्मो आणि फ्लोरो दोन टोकांना बसतात, अजून बोलत नाहीत. तेल्मो मात्र जरा खट्टू आहे. आता सगळ्यांनाच सगळं ठाऊक असतं, सांगायचं काय?