बसलेच बघ नावेत

“बसलेच बघ नावेत!” अपियोने मोबाइलमध्ये बोलून निरोप धाडला आणि पुन्हा झगे झटकून दोरीवर टांगू लागली. सरोवराकाठच्या उसेंगे गावाच्या बाजारात तिचं जुन्या कपड्यांचं दुकान होतं. शनिवारचं गिऱ्हाईक सोडून समोरच्या मागेता बेटावर बहिणीकडे जाणं तिच्या जिवावर येई. मग दुपारी दुसरा निरोप जायचा: नाव चुकली, नाहीतर गुडघा धरला.

अदोंगो तिची जुळी बहीण. मागून जन्मली म्हणून नावाचा अर्थच ‘मागे राहिलेली’. नवरा गेल्यापासून बेटावर एकटीच राहायची. पण कधी रुसली नाही.

मोबाइल नव्हते तेव्हा ओकुमू नावाडी तोंडी निरोप न्यायचा. “शनिवारी येते म्हणावं,” एवढं त्याला सांगितलं की जावंच लागे. नाहीतर तो भर बाजारात विचारायचा, “काय गं, बहिणीला ताटकळत ठेवलंस?” तेव्हा अपियो वाऱ्यावादळातही जायची. दोघी एकाच थाळीत मक्याच्या पिठाची घट्ट उगाली आणि तळलेले मासे खायच्या, बालपणीच्या खोड्या आठवून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायच्या.

अदोंगोचं उत्तर आलं. “सावकाश ये गं. मी तरी कुठे घरी आहे? चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला आलेय.”

अपियोला बरं वाटलं. मग काय मनात आलं कोण जाणे, तिने तो निरोप पुन्हा ऐकला. बहिणीच्या आवाजामागे पाणी चुबूक चुबूक वाजत होतं. कुणीतरी ओरडत होतं, “उसेंगेवाले, चला, चला!” चर्च तर पार टेकडीवर.

तिने मागच्या शनिवारचा निरोप लावला. “शेजारणीकडे बसलेय, घाई करू नको.” मागे तेच पाणी.

अपियोने दुकानावर ताडपत्री ओढली.

“एवढ्यात बंद?” शेजारच्या टोमॅटोवालीने विचारलं.

“बहीण धक्क्यावर बसलीय.”

नाव बेटाला लागली तेव्हा ऊन कललं होतं. अदोंगो एका पालथ्या होडीला टेकून बसली होती. अंगात ठेवणीतला पिवळा झगा. उतरणाऱ्या प्रत्येकाकडे डोळे बारीक करून बघत होती. अपियो पुढ्यात उभी राहिली तरी ओळखायला तिला क्षणभर वेळ लागला.

“संपली वाटतं तालीम?” अपियोने विचारलं.

“मघाशीच. तुला गं का उशीर?”

“वारा उलटा होता.”

“मेला वारा! दर शनिवारी उलटाच असतो.”

अदोंगोने उठण्यासाठी हात पुढे केला. तो धरून तिला उभं करताना अपियोला जोर असा लावावाच लागला नाही, इतकी ती हलकी झाली होती.