वकिलाच्या मोटारीची गादी

बॉम्ब पडला तर जखमींचं काय करायचं, हे शिकाले मी बुलढाण्याले जात होती. जपानचं विमान इतक्या दुरून येऊन आमच्या देऊळघाटावर कायले बॉम्ब टाकीन, म्हणून बाया हसत. हसा म्हणा! मले जपानशी काही घेणं नोहतं. माहा हिशेब नीळकंठ वकिलाशी होता.

आदल्या साली गाडी उलटली अन् माह्या भावाच्या, गोपाळच्या, मांडीत दांडा घुसला. रक्त थांबेना. गावात मोटार एकच, वकिलाची. मी अनवाणी धावत गेली, त्याचे पाय धरले. तो मेला ओसरीवरूनच म्हणे, "रक्ताचा डाग गादीवरून निघत नाही, बाई. बैलगाडी करा." बैलगाडीत गोपाळ अर्ध्या रस्त्यातच गेला. वरून ह्या माणसानं गावभर सांगतलं, "माझ्या दारी कोणी आलंच नाही. आलं असतं तर मी मोटार दिली नसती का?"

वकिलाचा शब्द अन् माहा शब्द! प्रतिमा वहिनीनं त्याचाच खरा मानला. "तुम्ही गेल्याच नाही," म्हणे, "तुमाले पाय धराची लाज वाटली." तेव्हापासून एका घरात राहून ती माह्याशी बोलत नोहती. ताट सरकवे अन् तोंड फिरवे. भाऊ गेल्याइतकंच ते मले झोंबे.

क्लासात गफ्फार डॉक्टरनं शिकवलं, लय जखमी एकदम आले तर आधी चिठ्ठ्या बांधाच्या. लाल म्हणजे पहिले न्या, पांढरी म्हणजे हा थांबू शकतो, अन् काळी म्हणजे खलास, त्याच्यावर वेळ घालवू नका. "और याद रखो," डॉक्टर म्हणे, "बांधली ते बांधली. खुद्द कमिशनर साहेब आला तरी चिठ्ठी बदलाची नाही." हे ऐकून माह्या जिवाले इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

सराव आमच्याच गावात ठरला, शाळेच्या मैदानावर. कमिशनर साहेब पाहाले येणार, म्हणून वकिलानं आपण होऊन मोटार दिली. वर म्हणे, जखमींत मीही झोपतो, पण स्ट्रेचरवर साहेबासमोरून पहिला मला न्या, फोटो निघाला पाहिजे. परीटघडीचं धोतर नेसून आला होता. चिठ्ठ्या बांधाचं काम माह्याकडं होतं. मी मागूनच घेतलं होतं, कायले खोटं बोलू?

शिट्टी वाजली. मी सरळ वकिलाकडे गेली अन् त्याच्या गळ्यात काळी बांधली.

"हे काय, शारदाबाई?"

"तुम्ही मेले, वकीलसाहेब. मेलेला बोलत नाही."

साहेब खो खो हसला. मंग वकिलाले पडून राहावंच लागलं, भर उन्हात.

जखमा दाखवाले पोरायच्या अंगावर लाल रंगाचं पाणी ओतलं होतं. ज्याचे कपडे जास्त निथळत होते, त्यालेच मी लाल चिठ्ठी बांधली. "मोटारीत टाका! चांगलं आडवं झोपवा!" गादीवर पांढरी खोळ होती. तिच्यावर रंग पसरत गेला. मजा लय येत होती. मले इतकंच पायजे होतं, त्याची गादी नासवाची होती.

तेवढ्यात मेलेला ताडकन उठून बसला.

"मुद्दाम करतेस हे! भावासाठी मोटार मागायला आलीस, तेव्हाही सांगितलं होतं, रक्त गादीवरून निघत नाही म्हणून!"

सारं मैदान त्याच्याकडे पाहाले लागलं. आपण काय बोलून बसलो हे त्याले कळलं, तसं त्याचं तोंड उतरलं. "म्हणजे, तसं नव्हे..." म्हणे. पण आता कोण ऐकते!

बायांच्या घोळक्यातून वहिनी उठली. मोटारीपाशी आली. पोरायले म्हणे, "उतरा रे बाबू." पोरं उतरले. अन् आपल्या पांढऱ्या लुगड्यानिशी ती त्या लाल, ओल्या गादीवर बसली.

"वन्सं," तिनं मले हाक मारली, "या, बसा."

मी बसली. मले रडू आवरेना. वहिनी काही रडली नाही. ती म्हणे, "वकीलसाहेब, मोटार काढा. दवाखान्यात न्या आमाले."

साहेब पाहून राह्यला होता. वकिलाले नाही म्हणता येईना. काळी चिठ्ठी गळ्यात तशीच, अन् तो मोटार चालवाले बसला. गोपाळनं जिथं जीव सोडला तो नाला आला, तशी वहिनी वकिलाच्या पाठीकडे पाहत म्हणे,

"पाहा वन्सं, मोटारीनं किती लवकर आलो आपण."