बाधित कुटुंबे : शून्य

रंगूमावशी यशराला पायांवर उपडी घालून तेल चोळत होती. चोळता चोळता म्हणाली, "बाय, तो कागद वाच जरा. खांबावर चिकटवलेला, मी काढून आनला."

"काढून आणलात? मावशी, नोटीस काढायची नसते."

"मंग वाचायची कशी? आमच्यातली कोन वाचनारी खांबाशी उभी ऱ्हाते?"

कागद मोरीच्या उंबऱ्यावर तेलाच्या वाटीखाली दाबला होता. एक कोपरा तेल पिऊन पारदर्शक झालेला. मी उचलला आणि दुसऱ्याच ओळीवर थांबले. स्मार्ट किनारा आराखडा. प्रस्तावित हरित वाहनतळ, भूखंड आर-११४. सौर छपराखाली साठ गाड्या, विजेवरच्या गाड्यांना चार्जिंगची सोय. सध्याचा वापर : पडीक. आणि सर्वांत खाली, ठळक अक्षरांत, बाधित कुटुंबे : शून्य.

"काय लिवलाय?"

"वाहनतळ करणार आहेत. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांच्या गाड्यांना."

"कंच्या जागंवर?"

मी यशराकडे पाहिलं. नऊ महिन्यांची माझी लेक मावशीच्या पायांवर गालफडं दाबून समाधानानं पडली होती. घरात कुणाच्याच पायांवर ती अशी पडत नाही.

"खळ्यावर," मी म्हटलं.

खळं म्हणजे मासळी सुकवायची जागा. मावशी त्याला खला म्हणते. दसरा झाला की कोळणी ती जमीन चोपून शेणानं सारवतात, आणि मे संपेपर्यंत तिथे जवळा पसरलेला असतो, कडेच्या बांबूंवर बोंबील टांगलेले असतात. जून-जुलैत मासेमारीला बंदी. तेव्हा खळ्यावर गुडघाभर गवत वाढतं. रेवदंड्याच्या आसपासच्या कुठल्याही गावात हे कुणाला शिकवावं लागत नाही.

मलाही लागलं नव्हतं. आणि आर-११४ ची नोंद मीच केली होती.

त्या आराखड्याच्या कंपनीत मी करारावर काम करते. बीएस्सी झाले, वर नकाशाशास्त्राचा डिप्लोमा केला. ड्रोननं काढलेले फोटो माझ्या लॅपटॉपवर येतात आणि जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला मी यादीतला एक शब्द लावते. निवासी, बागायत, रस्ता, पाणी, पडीक. पुढचं संगणक करतो. कुठे काय बांधलं तर कमीत कमी लोकांना त्रास होईल, ते तोच शोधतो. मुलाखतीत साहेब म्हणाले होते, आम्हाला गावातलंच माणूस हवं, पुण्यात बसून कुणाला काय कळणार. माझा नवरा हुझैफा मस्कतला असतो. तो फोनवर हसला होता, "बघ, खाडीकाठी जन्मल्याचा पगार मिळतोय तुला."

ऑगस्टमध्ये आर-११४ माझ्या पडद्यावर आला, तेव्हा यशरा चार महिन्यांची होती. आदल्या दिवशी लस टोचलेली, अंगात ताप. मी दर दहा मिनिटांनी थर्मामीटर लावत होते, मधे मधे छातीवर हात ठेवून श्वास मोजत होते. फोटोत हिरवंगार गवत. खाली तारीख जुलैची. आमच्या खिडकीतून खळ्याची एक कड दिसते. नुसती मान वळवायची खोटी होती. पण यादीत 'खळं' नव्हतंच. 'इतर' निवडलं तर उन्हापावसात जागेवर जाऊन फोटो काढा, जागा वापरणाऱ्यांची नावं भरा. नोंदी संपवायचा तो शेवटचा दिवस होता. मी 'पडीक' दाबलं. नंतर बदलीन, असं मनात म्हटलं आणि पुन्हा कधी तो तुकडा उघडला नाही.

नजरचूक म्हणतात ती अशी नसते.

"पन पडीक कोनी लिवला?" मावशीनं विचारलं. यशराच्या कानामागचं तेल ती बोटानं टिपत होती. "एवढा जवला डोल्यांसमोर पसरलेला आसतो, तो दिसला नाय?"

"कंप्युटरनं," मी म्हणाले.

तोंडातून निघून गेलं. निघाल्यावर परत घेता आलं असतं, पण मावशी हसायलाच लागली. "मेल्यानं कधी जवला खाल्ला नसंल!" यशराही तिच्याबरोबर खिदळली. "तू शिकलेली हायेस, अर्ज तूच लिव. सही येते मला."

मी लिहिला. 'सदर भूखंडाची नोंद नजरचुकीने पडीक अशी झाली असावी.' कुणाच्या नजरेची, ते त्या वाक्यात कुठे नव्हतं. मराठीत अशी वाक्यं फार सोपी असतात.

"वाचून दाखवू?"

"कशाला? तू लिवलास ना." आणि तिनं सही केली, एकेक अक्षर जीभ दातांत धरून.

जाताना तिनं साबण जागेवर ठेवला. मावशी आली की आधी दारातल्या नळावर हात धुते, दोनदा. पहिल्याच आठवड्यात मी सांगितलं होतं तिला, बाळाला मासळीचा वास सोसत नाही. यशरा तेव्हा आठ दिवसांची होती. तिला काय सोसतं ते कुणाला ठाऊक होतं? सोसत नव्हता तो मला. बाळाला न्हाऊमाखू घालायला मावशी सवा महिन्यासाठी ठरली होती. नंतरही तिचं येणं थांबलं नाही, आणि दोनदा हात धुणंही थांबलं नाही.

दुपारी मी पियूषला फोन केला. तो माझा वरिष्ठ, नवी मुंबईचा, अलिबागच्या कचेरीत बसतो.

"एक नोंद बदलायचीय. आर-११४."

"अरे मॅडम, वो तो लॉक हो गया. साहेबांचा फेवरिट प्लॉट आहे तो. झीरो बाधित! किनाऱ्यावर असा प्लॉट मिळतो कुठे?"

"तिथे मासळी सुकवतात."

"फोटोत तर गवत आहे."

"फोटो जुलैचा आहे, पियूष."

तो आवाज उतरवून म्हणाला, "आता सुनावणीतच बदलेल. ज्यानं नोंद केली त्याचं लेखी लागेल, माझी चूक झाली म्हणून. आणि मार्चमध्ये तुमचं रिन्यूअल आहे. सोच लो. बायका हरकत घेतायत ना? घेऊ दे. तुमचं नाव मध्ये कशाला?"

"बरं," मी म्हटलं. फोन ठेवल्यावर मला हलकं वाटलं. ते हलकं वाटणं आठवलं की अजून कान तापतात.

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये होती. मी शेवटच्या बाकावर, यशरा मांडीवर. पंधरा-वीस कोळणी ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. भिंतीवर नकाशा, त्यात आर-११४ पिवळा. साहेबांनी बटण दाबलं आणि पिवळ्याच्या जागी गवत आलं. भिंतभर.

"ही तुमची जागा?" साहेबांनी विचारलं. "इथे मासळी कुठाय, बाई? फोटो खोटं बोलत नाही."

होमस्टेवाला देवव्रत खुर्चीतूनच म्हणाला, "मावशी, मासळी सुकवता की गवत?" पुढच्या रांगा हसल्या.

रंगूमावशी उभी राहिली. "साहेब, जुलैत दर्यावर होडी जात नाय, मंग मासली येनार कुठून? आता तुमी ज्या शालंत बसलाव, तिचा फोटू मे म्हयन्यात काढा. पोरा दिसतील काय त्यात? मंग शाला पन पडीक?"

आता मागच्या रांगा हसल्या. देवव्रतही हसला. साहेबांनी कागद चाळले.

"तुमचं म्हणणं ऐकलं. पण नोंद पडीक आहे, आणि ती करताना स्थानिक माहिती घेतली होती."

"नोंद कंप्युटरनं केलीय," मावशी म्हणाली. "त्याला कोन इचारनार? ही आमची तस्नीम बसलीय ना मागं, शिकलेली, तिनंच सांगितला मना."

माना वळल्या. पियूष पहिल्या रांगेत होता. त्याचीही वळली.

"कंप्युटर स्वतःहून काही लिहीत नाही, बाई," साहेब म्हणाले. "माणूस लिहितो."

"मंग त्या मानसाला आना. आपल्यातला नसंल तो. आपल्यातला आसता तर आसा लिवला नसता."

ती हे रागानं नाही, खात्रीनं म्हणाली. तिनं वळून माझ्याकडे बघून मान डोलावली, बरोबर ना, अशी.

मी उभी राहिले. यशरा माझी ओढणी तोंडात घालत होती, ती मी काढून घेतली, तिनं पुन्हा घातली.

"मी लिहिलं," मी म्हटलं. "ती नोंद माझी आहे. तिथे खळं आहे हे मला माहीत होतं. कंप्युटरचं मी मावशीला खोटं सांगितलं."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं यशराकडे पाहिलं, बराच वेळ, मग लुगड्याच्या निऱ्या सावरून खाली बसली.

साहेबांनी चष्मा काढून पुन्हा लावला. तीन दिवसांत माझं लेखी द्यायचं, जागेवरचा आजचा फोटो, वापरणाऱ्यांची पूर्ण नावं. मग फेरविचार. पियूष मोबाइलमध्ये बघत होता, पण त्याचा पडदा काळाच होता.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी पाणी तापवून ठेवलं. साडेआठला पुन्हा तापवलं.

"नाही यायची ती," अम्मी म्हणाली. अम्मी म्हणजे आबिदा, माझी सासू. "मी तिच्या जागी असते तर मीही आले नसते."

"अम्मी, मी कबूल केलं ना सगळ्यांसमोर."

"सगळ्यांसमोर केलंस. तिच्या एकटीसमोर करायचं होतंस. मोरीत, ती पाय पसरून बसली होती तेव्हा." ती स्वतः पाटावर बसली आणि यशराला घेतलं. यशरानं आंघोळभर गळा काढला. पाय तिच्या ओळखीचे नव्हते.

अकराला मी यशराला टोपी घातली, पाण्याची बाटली, ओले रुमाल, सगळं पिशवीत भरलं आणि खळ्यावर गेले. घरापासून तीनशे पावलं. ऑगस्टमध्ये ती फार लांब वाटली होती.

जवळा नुकताच पसरला होता. गुलाबी, ओलसर, पाय ठेवायला जागा नाही असा सगळीकडे. मी कडेकडेनं चालले तरी एक म्हातारी ओरडली, "कंप्युटर आला गो! तुडवू देव नका!" बाया हसल्या. ते हसू माझ्याबरोबरचं नव्हतं.

रंगूमावशी खराट्यानं जवळा परतत होती. मला पाहून तिनं पाठ केली.

"मावशी, फोटो काढायचाय. जागा वापरात आहे असं दिसायला हवं."

"काढ. खला काय पलून जातोय?"

मी काढला. त्यात मावशी पाठमोरी आहे, वाकलेली, आणि समोर अर्धा एकर जवळा. यशरानं तिचा आवाज ओळखला. ती माझ्या कडेवरून जवळजवळ निसटली, दोन्ही हात पुढे करून, तोंडानं ते 'ब्बा ब्बा' करत, जे ती फक्त तेलाच्या वाटीला आणि मावशीला करते.

मावशी वळली. खराटा सोडला, दोन पावलं आली. मग हात लुगड्याला पुसले आणि तिथेच थांबली.

"हाताला वास हाय माझ्या," ती म्हणाली. "तिला सोसायचा नाय."

मला काहीतरी म्हणायचं होतं. 'सोसतो तिला' एवढंच. पण ते मी तिथे, त्या सगळ्या बायांसमोर म्हटलं असतं तर स्वतःसाठीच म्हटलं असतं. मी जवळ्याच्या कडेला मातीत बसले आणि मोबाइलवर फेरविचाराचा फॉर्म उघडला. यादीत अजूनही खळं नव्हतं. 'इतर' दाबलं, चौकटीत 'खळं' लिहिलं. यशरानं हात खाली घातला, मूठभर जवळा उचलला आणि मी पोचायच्या आत तोंडात कोंबला. तो काढायला मी बोट पुढे केलं, आणि मागे घेतलं.

नावं विचारायला लागले. बाया एकेक करून सांगत गेल्या, काही माझ्याकडे न बघता, काही मुद्दाम बघत. अंबिका. मग तिची जाऊ. कुणी नवऱ्याचं नाव घ्यायला लाजली, शेजारणीनं घेतलं. 'बाधित कुटुंबे'च्या चौकटीतला शून्य पहिल्या नावालाच गेला. आता तिथे बावीस होतं, आणि एकच नाव उरलं होतं.

मी टाईप केलं, रंगू. कर्सर पुढच्या रकान्यात जाऊन लुकलुकत राहिला. नवऱ्याचं नाव. आडनाव. नऊ महिने रोज सकाळी ती माझ्या घरात आली होती. तिच्या पायांवर माझी मुलगी मान धरायला शिकली. अर्जावरची सही माझ्यासमोर तिनं अक्षर अक्षर काढली, तेव्हाही मी ती वाचली नव्हती. सुकायच्या आत कागदाची घडी घातली होती.

"मावशी," मी विचारलं, "तुमचं पूर्ण नाव?"

खराटा थांबला.

"नाय म्हायती?"

"नाही."

ती माझ्यासमोर येऊन उकिडवी बसली. यशराच्या हनुवटीवर चिकटलेला जवळा तिनं पाहिला, पण हात पुढे केला नाही.

"रंगू बुधाजी," ती सावकाश म्हणाली, आणि आडनाव सांगायच्या आधी माझी बोटं हलेपर्यंत थांबली. "लिव. आनि या टायमाला वाचून दाखव."